दुरुस्त केलेले चेहरे : काही प्रश्न

जुन्या छापील छायाचित्रांची संगणकावर दुरुस्ती करण्याचे काम आज दलित वस्त्यावस्त्यांतून चालू आहे. जुन्या स्मरणिका, वृत्तपत्रांचे विशेषांक, पाने सुटलेली चरित्रे यांतून छायाचित्रे स्कॅन केली जातात. त्यांवरचे डाग पुसले जातात, ती ठळक केली जातात, रंगवली जातात आणि चौदा एप्रिलला, सहा डिसेंबरला फलकांवर लागतात. हे काम करणारे बहुतेक तरुण आहेत. कोणाचे अनुदान नाही, कोणाची शाबासकी नाही. नोकरीधंदा सांभाळून रात्री जागून ते हे करतात. त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. परंतु तळमळ हा कोणत्याही निर्मितीच्या मूल्यमापनाचा अखेरचा निकष ठरू शकत नाही. कवितेच्या बाबतीत आपण हे केव्हाच मान्य केले आहे. दुरुस्त केलेले छायाचित्र हीही एक निर्मिती आहे. काय ठेवायचे, काय पुसायचे, काय नव्याने घालायचे याचे निर्णय तिच्यामागे असतात आणि प्रत्येक निर्णयामागे एक दृष्टी असते. म्हणून कवितेसारखीच तिचीही समीक्षा व्हायला हवी. प्रस्तुत लेख हा त्या दिशेचा एक प्रयत्न आहे.

प्रथम एक वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे. पांढरपेशा घरांत भूतकाळ अल्बममध्ये असतो. आजोबांचे लग्न, आजीचे माहेर, वाड्यापुढचे कुटुंब, सगळ्यांचे स्टुडिओत काढलेले मूळ फोटो तिथे सापडतात. आपल्या बहुसंख्य घरांत असा अल्बम नाही. कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचे पैसे नव्हते आणि पुष्कळ ठिकाणी तो अधिकारही नव्हता. आपली माणसे छायाचित्रात आली ती प्रामुख्याने चळवळीमुळे. परिषदेत, मोर्चात, सत्याग्रहात, दीक्षा समारंभात आली. त्यातही मूळ फोटो किंवा त्यांच्या काचा फार थोड्या ठिकाणी उरल्या. सर्वसामान्य कार्यकर्त्याच्या ट्रंकेत राहिली ती छपाई. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘जनता’ १९३० साली, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६ साली. वर्गणीच्या पैशांवर तगून राहणाऱ्या नियतकालिकांना छायाचित्राचा ब्लॉक करून घेणे हा खर्च होता. जे छापले गेले ते स्वस्त कागदावर, झिजलेल्या यंत्रावर छापले गेले. तेव्हा आपल्यासाठी दुरुस्तीचा प्रश्न हा मुख्यतः छापील छायाचित्राच्या दुरुस्तीचा प्रश्न आहे आणि त्याचे स्वरूप मूळ फोटोच्या दुरुस्तीहून वेगळे आहे.

ते वेगळेपण छपाईच्या तंत्रात आहे. छापखान्याची शाई एकच, काळी. करडी छटा तिला छापता येत नाही. म्हणून मूळ फोटोचा बारीक जाळीतून पुन्हा फोटो घेत. जाळीमुळे चित्र ठिपक्यांत विभागले जाई. गडद जागी ठिपका मोठा, उजळ जागी लहान. मग ते ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने उठवून ब्लॉक तयार होई. या हाफटोन पद्धतीचे पेटंट जर्मनीतील गेओर्ग मायझेनबाख याने १८८२ साली घेतले. आपल्या देशात कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १८९५ च्या सुमारास स्वतःचा व्यवसाय उभारून या तंत्रावर मौलिक काम केले. वर्तमानपत्री कागदावर इंचाला साधारणतः ६५ ठिपके बसत. गुळगुळीत आर्ट पेपरवर १३३ किंवा १५० बसत.

आता एक साधा हिशेब करू. परिषदेच्या एखाद्या छायाचित्रात शंभरेक माणसे आहेत. मागच्या रांगेतल्या बाईचा चेहरा कागदावर इंचाच्या आठव्या भागाएवढा आहे. इंचाला ६५ या दराने त्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे आठ आणि उभे आठ, म्हणजे सारे मिळून ६४ ठिपके आले. त्या बाईविषयी इतिहासाने कागदावर ठेवलेला सगळा पुरावा म्हणजे हे ६४ ठिपके. स्कॅनर कितीही भारी घेतला, रिझोल्यूशन कितीही वाढवले, तरी ६५ वा ठिपका निघणार नाही. ठिपक्याच्या कडा मात्र अधिक स्पष्ट दिसतील. या हिशेबातूनच दुरुस्तीची नीती ठरते, असे माझे मत आहे.

छपाईने, काळाने आणि हाताळणीने चित्रात जे घातले ते काढणे ही एक गोष्ट. चित्रात जे कधीच नव्हते ते घालणे ही दुसरी. पहिलीला मी साफसफाई म्हणेन, दुसरीला रचना. दोन्ही एकाच पडद्यावर, त्याच बटणांनी होतात, म्हणून त्या सारख्या वाटतात. त्या सारख्या नाहीत.

साफसफाई हे कष्टाचे आणि विवेकाचे काम आहे. पानामागची छपाई आरपार दिसू नये म्हणून पानाखाली काळा कागद ठेवायचा. निदान ६०० च्या रिझोल्यूशनने स्कॅन करायचे. चित्र काळे-पांढरे असले तरी स्कॅन रंगीत करायचे. कारण कागदाचा पिवळेपणा आणि पाण्याचे तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद उमटतात, लाल चॅनेलमध्ये सर्वांत फिके. नुसता लाल चॅनेल वेगळा घेतला तरी अर्धे डाग आपोआप मावळतात. ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींवर पडून चित्रावर लहरी उठतात. त्या घालवण्यासाठी स्कॅनरमध्ये सोय असते. फोटोशॉप किंवा फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये अगदी हलका धूसरपणा देऊन, मग चित्राचा आकार कमी करूनही हे साधते. याहून चांगला मार्ग फूरिये रूपांतराचा. चित्रातली नियमित आवर्तने वेगळी काढून दाखवणारे हे गणित आहे. त्यात छपाईची जाळी ताऱ्यांसारखी उठून दिसते. तेवढे तारे झाकले की जाळी विरते आणि चेहरा राहतो. हे का शक्य होते? जाळी नियमित असते, माणूस नियमित नसतो, म्हणून. शेवटी उभ्या-आडव्या घड्या आणि ओरखडे शेजारचा भाग घेऊन हाताने बुजवायचे, तेही वेगळ्या लेयरवर, म्हणजे काय बुजवले ते पुढच्या माणसाला दिसेल. एवढे केल्यावर चेहरा अंधुकच राहिला, तर तो अंधुक राहू द्यायचा.

नेमके हेच आज कोणाला सहन होत नाही. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर अशी साधने आली आहेत की बोट लावताच अंधुक चेहरा लख्ख होतो. डोळ्यांत चमक येते, पापण्यांचे केस सुटे होतात, दात दिसतात. हे सारे कोठून येते? ६४ ठिपक्यांत तर ते नव्हते. ते येते दुसऱ्यांच्या चेहऱ्यांतून. ही साधने हजारो चेहरे पाहून चेहरा कसा असतो हे शिकतात आणि ठिपक्यांच्या जागी त्या शिक्षणाशी जुळणारा चेहरा बसवतात. २०२१ साली आलेले आणि पुष्कळांनी वापरलेले जीएफपीगॅन हे साधन ज्या संग्रहावर शिकले, त्या एफएफएचक्यू संग्रहात फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेली ७०,००० छायाचित्रे आहेत. स्वतःचे उत्तम कॅमेऱ्याने काढलेले फोटो अशा ठिकाणी टाकणारी माणसे कोण? १९४० सालच्या वऱ्हाडातली शेतमजूर बाई त्यांत कशी असणार? २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी पल्स नावाचे असेच साधन मांडले. कोणी तरी त्याला बराक ओबामांचा ठिपकेठिपके झालेला फोटो दिला, तर त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला. त्यावर जगभर चर्चा झाली. ओबामांचा चेहरा सर्वांना ठाऊक होता, म्हणून चोरी पकडली गेली. आपल्या परिषदेतल्या मागच्या रांगेतल्या बाईचा चेहरा कोणाला ठाऊक आहे? तिच्या जागी दुसरीच उभी केली तर बोलणार कोण?

बोलणारे असतात, पण त्यांना विचारले जात नाही. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तालुक्यातल्या चळवळीच्या जुन्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले होते. एका स्मरणिकेतला महिला प्रतिनिधींचा गट त्यांनी असाच ‘लख्ख’ करून मोठा छापला होता. वस्तीतल्या एक वृद्ध बाई आल्या. आपल्या सासूबाई त्या गटात आहेत हे त्यांना माहीत होते. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, “सर, ही आमची आत्याबाई न्हाय. ही कोण बाई आणून उभी केली?” मी त्यांच्यापुढे स्मरणिकेचे मूळ पान ठेवले. त्या पानावर चेहऱ्याच्या जागी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका होता. त्यांनी क्षणात बोट ठेवले, “ही बघा. पदर असाच खोचायची, एका पायावर भार देऊन उभं ऱ्हायची.” ओळख पटली ती उभे राहण्याच्या तऱ्हेवरून. साधनाने नाकडोळे कोरीव केले आणि ओळख मात्र पुसली. ठिपक्यांच्या पुंजक्यात माणूस होता. लख्ख चित्रात नुसता चेहरा राहिला.

याहून गंभीर उदाहरण रमाईंचे आहे. रमाईंची अस्सल छायाचित्रे मोजकीच आहेत. त्यांतले एक १९३४ च्या फेब्रुवारीत राजगृहात घेतलेले कौटुंबिक छायाचित्र. त्यात बाबासाहेब, रमाई, यशवंत, लक्ष्मीबाई आणि मुकुंद आहेत. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. चार लेकरे त्या माउलीने मातीआड केली. दारिद्र्य, उपासतापास आणि आजारपण त्यांच्या देहावर लिहिलेले होते. आता फलकांवरची रमाई पाहा. गाल भरलेले, कांती उजळ, भुवया रेखीव, ओठांवर लाली. हा चेहरा कोणाचा आहे? दिनदर्शिकेवरच्या देवीचा आहे. ज्या सौंदर्यकल्पनेने आपल्या आयाबहिणींना शतकानुशतके कुरूप ठरवले, तीच सौंदर्यकल्पना आपण आपल्या हाताने रमाईंच्या चेहऱ्यावर चढवतो आहोत. त्या खोल गेलेल्या गालांत एका महान संसाराचा जमाखर्च होता. तो आपण भरून काढला आणि वर त्याला आदर म्हटले.

यावर कोणी म्हणेल की जुने फोटो तरी कुठे निर्मळ होते? हा आक्षेप रास्त आहे. स्टुडिओतले रिटचर पेन्सिलीने काचेवरच्या सुरकुत्या घालवीत. ब्लॉक करण्यापूर्वी कोटाच्या कडा, केसांची रेषा कुंचल्याने गिरवीत. जागेसाठी कडेची माणसे कापली जात. कॅमेराही निष्पक्ष नव्हता. पॅनक्रोमॅटिक फिल्म १९३० च्या दशकात रुळेपर्यंत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबूस, तपकिरी कातडी होती त्याहून काळी उमटे आणि निळा रंग होता त्याहून फिका उमटे. म्हणजे जुन्या चित्रातल्या करड्या छटेवरून कोणाचा वर्ण कोणता होता हे ठरवताच येत नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो? पूर्वी ढवळाढवळ झाली म्हणून आज मोकाट ढवळाढवळ करावी, असा निघत नाही. पूर्वीची ढवळाढवळ ओळखून तिची नोंद करावी, असा निघतो.

रंग भरण्याच्या हौसेलाही हेच लागू आहे. करड्यातून रंग परत मिळत नाही. निळा, तांबडा आणि हिरवा एकाच करड्या छटेत उतरू शकतात. समजा जुन्या छायाचित्रात आपल्या मिरवणुकीचा झेंडा आहे. साधनाला तो निळा आहे हे कसे कळावे? ते आपल्या सवयीचा रंग त्याला देईल. उलट, जिथे आपणच रंग देतो तिथे आपली सवय आडवी येते. आज पुतळ्यांमुळे बाबासाहेबांचा कोट निळा हे समीकरण झाले आहे, म्हणून प्रत्येक जुन्या छायाचित्रातला कोट निळा रंगवला जातो. मग नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी पांढऱ्या वस्त्रांत जमलेल्या त्या लाखोंच्या समुदायाच्या पांढऱ्या रंगाचे काय? तो पांढरा रंग जाणीवपूर्वक निवडलेला होता. गेल्या जन्माची घाण टाकून आलेल्या माणसांचा तो रंग होता. तेथे उपस्थित असलेल्यांच्या आठवणी वाचल्याशिवाय, म्हाताऱ्यांना विचारल्याशिवाय रंगाच्या डबीला हात लावणे हा इतिहासाशी उर्मटपणा आहे.

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. दुसऱ्या देशातल्या पीडितांनीही त्याला तोंड दिले आहे. कंबोडियात १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत तुओल स्लेंग येथील तुरुंगात हजारोंचा छळ करून त्यांना ठार मारले गेले. मारण्यापूर्वी प्रत्येकाचा फोटो काढला जाई. २०२१ च्या एप्रिलमध्ये व्हाइस या माध्यमसंस्थेने एका आयरिश कलावंताने रंगवलेले यांतले काही फोटो प्रसिद्ध केले. मूळ फोटोंशी ताडून पाहिल्यावर लोकांच्या ध्यानात आले की काही चेहऱ्यांवर हसू घातले गेले आहे. मृतांचे नातलग संतापले, कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयाने निषेध केला आणि ते फोटो मागे घ्यावे लागले. मरणाच्या दारातल्या माणसाला हसवणे आणि अर्धपोटी माउलीचे गाल भरणे यांत अंतर आहे, हे मी मान्य करतो. पहिल्यात परकेपणा आहे, दुसऱ्यात प्रेम आहे. पण दोन्हींत दुःख भोगणाऱ्याचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क नाकारला जातो, आणि हे साम्य मला अस्वस्थ करते.

आपल्या माणसांना सुंदर पाहण्याची भूक खरी आहे. तिची टिंगल करणारा मी नाही. ज्यांच्या घरात पूर्वजांचा एकही फोटो नाही, त्यांना एक स्वच्छ, तेजस्वी चेहरा भिंतीवर लावावासा वाटला तर त्यात गैर काय? काहीच नाही. त्यासाठी चित्रकला आहे. आपल्या चित्रकारांनी बाबासाहेब आणि रमाई आपापल्या कल्पनेने रंगवले. कोपऱ्यात सही केली. हे माझे बाबासाहेब, असे प्रामाणिकपणे सांगितले. कल्पनेला सही असते तेव्हा ती कला होते. तीच कल्पना छायाचित्राचा मुखवटा घालून, ‘दुर्मिळ फोटो’ म्हणून येते तेव्हा ती खोटा दस्तऐवज होते. खोट्या दस्तऐवजाचा फटका कोणाला बसतो? ज्यांच्यापाशी दुसरे दस्तऐवज आहेत त्यांना बसत नाही. ज्यांच्यापाशी एवढेच आहे, त्यांना बसतो. उद्या कोणी उठून म्हणाला की तुमचे सगळेच फोटो बनावट आहेत, तर आपण काय दाखवणार?

दुरुस्तीला मराठीत भारदस्त शब्द ‘जीर्णोद्धार’. तो देवळांचा होतो. जीर्णोद्धारात जुन्या दगडी खांबांना ऑइलपेंट फासतात, फरशीवर संगमरवर बसवतात आणि शेंदराचे थर चढतचढत मूर्तीचे नाकडोळे कायमचे बुजून जातात. श्रद्धा वाढते, मूर्ती दिसेनाशी होते. आपल्याकडे घराची होते ती डागडुजी. गळते तिथे कौल बदलायचे, पडलेल्या भिंतीला लिंपण द्यायचे, आणि घर तेच ठेवायचे. आपल्या छायाचित्रांना डागडुजी हवी आहे. शेंदूर नको.

म्हणून काही आग्रह मांडतो. मूळ स्कॅन जसाच्या तसा जपावा. काम नेहमी प्रतीवर करावे. स्कॅन करताना चित्राखालची ओळ, पानाचा क्रमांक, अंकाची तारीख कापू नये. चित्र जेवढे मोलाचे तेवढीच ती ओळही. काय काढले आणि काय घातले हे दोन वाक्यांत लिहून ठेवावे. चेहरा बनवणारे साधन दस्तऐवजाच्या कामात वापरूच नये. प्रदर्शनात दुरुस्त प्रत लावली तर तिच्याशेजारी मूळ प्रत लावावी. विजय सुरवाडे यांच्यासारख्यांनी बाबासाहेबांची छायाचित्रे जमवण्यासाठी आयुष्याची वर्षे घातली. त्या परंपरेतली शिस्त बटणाच्या सोयीपायी सोडता येणार नाही.

आणि सर्वांत मोठी दुरुस्ती संगणकाबाहेरची आहे. आपल्या जुन्या छायाचित्रांखाली बहुधा एकच ओळ असते : अमुक पुढारी ‘व इतर’. ते ‘इतर’ म्हणजे भाकरी बांधून वीस-वीस कोस चालत आलेली माणसे होती. त्यांना ओळखणारे जे उरले आहेत ते आज ऐंशी-नव्वदीत आहेत. कोणतेही सॉफ्टवेअर त्यांचे काम करू शकत नाही आणि त्यांच्यानंतर ते काम करता येणार नाही. तेव्हा अंधुक छापील पान घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांचे बोट ज्या पुंजक्यावर थांबेल तिथे आकडा घालावा आणि आकड्यापुढे नाव लिहावे, गाव लिहावे. ठिपके ६४ असले तरी चालतील. ज्यांचे ते आहेत त्यांचे नाव त्यांच्याखाली हवे.